विकताना एक, मोडताना तीन: रेल्वेची तिकिटे विकणाऱ्या एका संकेतस्थळाला खुले पत्र

प्रति,
संचालक आणि ग्राहकसेवा विभाग,
आम्हा पाच जणींना म्युनिक ते नेपल्स हा रेल्वेप्रवास विकणारे संकेतस्थळ

स. न. वि. वि.

तुमचे नाव या पत्रात घेतलेले नाही. घेतले असते तर तुमच्यासारखाच धंदा करणाऱ्या बाकीच्यांनी ‘हे आपल्याला नाही’ म्हणून पान उलटले असते. तुम्हाला ओळख पटेलच. बुकिंगचा क्रमांक, तारखा आणि आतापर्यंतचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजी प्रतीसोबत तुमच्या तक्रार विभागाकडे गेला आहे. ही मराठी प्रत तुमच्यासाठी कमी आणि दुसऱ्या एका मंडळीसाठी जास्त आहे. आज रात्री कुणीतरी मैत्रिणींच्या ग्रुपवर ‘अगं बघा, केवढं स्वस्त मिळतंय’ असे टाकेल आणि तुमच्या बटणावर बोट ठेवेल. ते बोट खाली येण्याआधी हे वाचले गेले तर बरे.

मी कोण ते आधी सांगते. नोकरीची एकतीस वर्षे मी विमा कंपनीत दावे तपासण्याच्या टेबलावर काढली. ‘पान सातवरची अट वाचली होती का?’ हा प्रश्न मी किती जणांना विचारला असेल याची गणती नाही. तेव्हा बारीक अक्षर कशासाठी असते, ते कुठे ठेवतात आणि कुठे ठेवले म्हणजे कुणाच्या नजरेस पडत नाही, हे मला नव्याने कळायचे राहिलेले नाही. मी टेबलाच्या त्याच बाजूला बसत होते. या पत्रात कुठे माझा आवाज चढलेला वाटला तर तो थोडा माझ्यावरही चढलेला आहे. इतक्या वर्षांनी मीच फसले, याची लाज आहेच.

आम्ही पाच जणी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. एकमेकींच्या लग्नांत आणि त्यानंतरच्या सगळ्या भानगडींत असलेल्या. सगळ्या मिळून असा लांबचा प्रवास हा पहिलाच. नावे देत नाही, कामे सांगते. एक हिशेबनीस, एक नकाशेवाली, एक जर्मनवाली (तिने एके काळी दोन परीक्षा दिल्या होत्या, त्या भांडवलावर), एक गुडघेवाली, जिच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन होऊन तेव्हा आठ महिने झाले होते, आणि कागदपत्रे सांभाळणारी मी.

मार्चच्या शेवटी आम्ही तुमच्या पानावर ‘कुठून’मध्ये म्युनिक, ‘कुठे’मध्ये नेपल्स आणि प्रवासी पाच असे भरले. गाडी कुठे बदलायची, कुठल्या कंपनीची घ्यायची, मध्ये किती वेळ ठेवायचा, यातले काहीही आम्ही निवडले नाही. ते तुम्ही निवडलेत. पडद्यावर एक सरळ रेघ आली. एका टोकाला म्युनिक, दुसऱ्या टोकाला नेपल्स, मध्ये वेरोना आणि रोम असे दोन ठिपके. वेरोनाच्या ठिपक्यावर हिरव्या अक्षरांत ‘५५ मिनिटे, आरामात’ असे लिहिलेले होते. खाली एकच आकडा होता, ५३५.५० युरो. त्यात तुमची १२ युरो सेवाफी धरलेली. हिशेबनिसाने कार्डाचा नंबर एकदा टाकला, बँकेचा ओटीपी एकदा आला, तुमचा ‘अभिनंदन, तुमचा प्रवास पक्का झाला’ हा ईमेलही एकच आला. प्रवास, एकवचनी.

जूनच्या शेवटच्या शनिवारी आम्ही निघालो. पहिले तीन तास इतके छान गेले की त्याबद्दल तक्रारीच्या पत्रात लिहिणे बरे दिसत नाही. इन नदीचे खोरे, मग इन्सब्रुक, आणि तिथून १३७१ मीटरवरच्या ब्रेनर खिंडीकडे वळत वळत चढणारा १८६७ सालचा लोहमार्ग. याच डोंगराच्या पोटातून ५५ किलोमीटरचा नवा बोगदा खणणे चालू आहे, तो झाला की गाड्या खालूनच जाणार, असे नकाशेवालीने दोनदा सांगितले. खिंड ओलांडली, इटली लागली, आणि फ्रान्झेन्सफेस्टे नावाच्या स्टेशनात गाडी उभी राहिली ती राहिलीच. इंजिनात बिघाड.

इंजिन बिघडले याबद्दल माझे काही म्हणणे नाही. यंत्र आहे, बिघडते. हे पत्र त्यानंतर काय झाले त्याबद्दल आहे.

घोषणा जर्मनमध्ये झाली, मग इटालियनमध्ये. जर्मनवालीने कान टवकारून एक शब्द पकडला आणि तो आम्हाला सांगितला: ‘अनिश्चित’. डब्यातले एसी बंद पडले. शौचालयाच्या दारावर लाल दिवा आणि आतून पाण्याचा खळखळाट नाही. गुडघेवालीला गोळी घ्यायची होती आणि बाटल्या रिकाम्या. फलाटावर पाण्याचे यंत्र समोर दिसत होते. दाराशी उभ्या असलेल्या गार्डला जर्मनवालीने विचारले, किती वेळ थांबेल? त्याने तर्जनी वर केली. एक. आम्ही समजलो, एक तास. जर्मनवाली आणि नकाशेवाली खाली उतरल्या.

त्या भागात एक मोजायचे तर अंगठा वर करतात. उगारलेल्या तर्जनीचा अर्थ बहुधा ‘जरा थांबा’ एवढाच असतो. हे ज्ञान आम्हाला दोन दिवसांनी, नेपल्सच्या हॉटेलवाल्याकडून झाले. जर्मनच्या त्या दोन परीक्षांत ते नव्हते म्हणे.

खरे तर गाडी त्यानंतरही बराच वेळ हलली नाही, म्हणून दोघी निर्धास्त झाल्या. पाण्याचे यंत्र नाणी गिळून गप्प बसले, तेव्हा त्या स्टेशनाबाहेर दुकान शोधायला गेल्या. परत आल्या तेव्हा दारे मिटली होती. खिडकीच्या आतून मी आणि बाहेरून त्या, आम्ही काचेवर हात आपटत राहिलो आणि गाडी निघाली. त्यांचे पासपोर्ट माझ्या पिशवीत. पाचही जणींची तिकिटे तुम्ही पाठवलेल्या एकाच पीडीएफमध्ये, आणि ती पीडीएफ हिशेबनिसाच्या फोनमध्ये.

पाच मिनिटांनी फोन लागला. ‘आम्ही फोर्तेत्सामध्ये आहोत,’ नकाशेवाली म्हणाली. मी म्हटले, ‘तिथे कशा पोचलात? तुम्ही फ्रान्झेन्सफेस्टेला होतात ना?’ यावर आमचे चांगले दहा मिनिटे भांडण झाले. पहिल्या महायुद्धानंतर तो मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, त्यामुळे तिथल्या स्टेशनांना आज दोन नावे असतात, एक जर्मन आणि एक इटालियन. आत बसलेलीला पाटीवरचे एक नाव दिसले होते, बाहेर उभी असलेलीला दुसरे. आता यावर आम्ही हसतो. तेव्हा गुडघेवाली रडत होती.

उतरणे ही आमची चूक. ती मी तुमच्या पदरात टाकत नाही. पण दोघींकडे स्वतःचे तिकीट नसावे, ही तुमची रचना आहे. पाच माणसांचे पैसे घेतले, पाच नावे विचारली, पाच जन्मतारखा विचारल्या आणि दिले काय, तर एक फाइल. त्यातले एक पान वेगळे काढून दुसऱ्या फोनवर पाठवावे म्हणून हिशेबनीस तुमच्या अ‍ॅपमध्ये अर्धा तास चाचपडत होती. शेवटी तिने पडद्याचे फोटो काढून पाठवले. मागून आलेल्या लोकल गाडीतल्या टीसीने ते पाहिले आणि मान हलवली. ते तिकीट त्या गाडीचे नव्हतेच. दोघींनी त्याच्याकडून नवी तिकिटे घेतली. माणूस सज्जन होता, दंड लावला नाही.

आता तुमच्या खऱ्या अपराधाकडे येते. तो घडला चार वाजता, गाडी अजून उभी असताना.

वेरोनाहून पुढची वेगवान गाडी ५ वाजून ५५ मिनिटांची होती. ती मिळणार नाही, हे चार वाजताच उघड झाले होते. त्या तिकिटाच्या अटी मी तेव्हाच उघडून वाचल्या, जुनी सवय. गाडी सुटायच्या आधी थोडे जास्त पैसे भरून तारीख बदलता येत होती. सुटल्यानंतर मात्र तिकीट शून्य. म्हणजे आमच्या हातात जवळपास दोन तास होते. तुमच्या अ‍ॅपमधले ‘बदल करा’ हे बटण दाबले, तर उत्तर आले: पाच किंवा अधिक प्रवाशांच्या बुकिंगमध्ये येथून बदल करता येत नाही, कृपया फोन करा. फोन केला. तीन मिनिटे संगीत, आणि मग कळले की शनिवारी तुमचे कार्यालय दुपारी दोनला बंद होते. गाड्या मात्र तुम्ही सातही दिवसांच्या विकता. मग त्या वेगवान गाडीच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तिकीट क्रमांक टाकला. तिथे उत्तर आले: हे तिकीट मध्यस्थाकडून घेतलेले आहे, मध्यस्थाशी संपर्क साधा. मध्यस्थ म्हणजे तुम्ही. तुमच्या चॅटमध्ये लिहिले. पहिले उत्तर आले ६ वाजून २० मिनिटांनी, यंत्राचे: ‘तिकिटात बदल गाडी सुटण्यापूर्वी करता येतो. आणखी काही मदत हवी आहे का?’

गाडी सुटून पंचवीस मिनिटे झाली होती.

वेरोनाला आम्ही तिघी ७ वाजून १० मिनिटांनी उतरलो, २ तास १० मिनिटे उशिरा, पाच जणींचे सामान तिघींत वाटून घेऊन. खिडकीवरच्या माणसाने कागद नीट पाहिले. म्हणाला, तुमची आधीची गाडी उशिरा आली याचे वाईट वाटते, पण ती गाडी आमची नाही. आणि रोमहून नेपल्सची गाडी? ती आणखी तिसऱ्याच कंपनीची. त्या दिवशी नेपल्सला पोचवणारी गाडी उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळची पाच तिकिटे ४९५ युरोंना पडली. वाया गेलेली दोन टप्प्यांची तिकिटे २७४ युरोंची होती.

तो ऑपेराचा हंगाम. वेरोनातल्या रोमन रंगभूमीवर १९१३पासून उन्हाळ्यात ऑपेरा होतात आणि हंगामातल्या शनिवारी गावात खोली मिळणे म्हणजे नशीब. आम्हाला दोन मिळाल्या, ३१० युरोंना, बसने वीस मिनिटे लांब. बस येईपर्यंत गुडघेवाली स्टेशनाबाहेर सुटकेस आडवी टाकून तिच्यावर बसली होती, पाय लांब करून. नवाच्या पुढे मागच्या दोघी आल्या. नकाशेवालीच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत पाण्याच्या चार बाटल्या. ज्यासाठी खाली उतरली होती त्या. कुणीच काही बोलले नाही. गुडघेवालीने एक बाटली उघडली आणि दुपारची गोळी रात्री घेतली.

नेपल्सजवळच्या पॉम्पेई या प्राचीन शहराच्या अवशेषांची दुसऱ्या दिवशीची तिकिटेही गेली. नोव्हेंबर २०२४पासून तिथे दिवसाला २० हजारांच्या वर माणसे सोडत नाहीत आणि तिकिटावर नाव असते, त्यामुळे ती कुणाला देताही आली नाहीत. हे नुकसान मी तुमच्या माथी मारत नाही, फक्त नोंदवून ठेवते.

परतल्यावर मी तुम्हाला लिहिले. तुमची तीन उत्तरे आली.

पहिल्यात तुम्ही म्हणालात, आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, उशिराबद्दल रेल्वे कंपनीकडे मागा. मागितले. त्या कंपनीचे एका बाबतीत कौतुक करते. तिने चोवीस दिवसांत पैसे दिले. दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला की भाड्याच्या ५० टक्के भरपाई, या नियमाने आम्हा तिघींचे ७४.८५ युरो आले. मागे राहिलेल्या दोघींचे नाकारले, कारण त्या गाडीतून आपण होऊन उतरल्या. गार्डच्या बोटाबद्दल त्यांना वेगळे पत्र गेले आहे. पण त्या कंपनीची जबाबदारी वेरोनाच्या फलाटावर संपते. तिने आम्हाला वेरोनापर्यंतचेच तिकीट दिले होते. वेरोनापुढचा प्रवास तिने विकलेला नाही, तो तुम्ही जोडलात.

दुसऱ्या उत्तरात तुम्ही मला माझ्याच तिकिटाचे पान चार बघायला सांगितले. ‘पान सातवरची अट’ अशी फिरून माझ्याकडे आली. उघडले. क्यूआर कोडच्या खाली, सामानाच्या नियमांच्याही खाली, पांढऱ्यावर फिकट राखाडी रंगात एक ओळ होती. फोनवर ती वाचता येईना. हिशेबनिसाच्या मुलाने लॅपटॉपवर तीनशे टक्के मोठी करून दाखवली: ‘ही तिकिटे स्वतंत्र वाहतूक करार आहेत.’ म्हणजे एक गाडी चुकली तर पुढचे तिकीट वाया, आणि कुणीच जबाबदार नाही. इतके नीटस काम फार दिवसांनी पाहिले. आमच्या कंपनीत हे करणारा माणूस बढती मिळवून गेला असता.

तिसऱ्या उत्तरात ३० युरोंचे व्हाउचर होते, पुढच्या खरेदीवर, बारा महिन्यांत वापरायचे.

आता माझ्या जुन्या टेबलावर बसून बोलते. रेल्वे प्रवाशांच्या हक्कांबद्दलचा युरोपीय संघाचा २०२१/७८२ क्रमांकाचा नियम ७ जून २०२३पासून लागू आहे. त्याच्या बाराव्या कलमाचा अर्थ माझ्या भाषेत असा: तिकीट विकणाऱ्याने आपण होऊन वेगवेगळी तिकिटे एकत्र जोडली, एकाच व्यवहारात विकली आणि प्रवाशाची पुढची गाडी चुकली, तर विक्रेत्याने पूर्ण रक्कम परत करायची आणि वर त्या रकमेच्या ७५ टक्के भरपाई द्यायची. यातून सुटण्याची वाट आहे. हे करार स्वतंत्र आहेत असे तिकिटावर किंवा प्रवाशाकडे राहील अशा दुसऱ्या नोंदीत लिहिलेले हवे, आणि ते प्रवाशाला खरेदीच्या आधी सांगितलेले हवे. मधला ‘आणि’ वाचा. तो ‘किंवा’ नाही. पान चारवरच्या राखाडी ओळीने तुम्ही पहिली अट पुरी केली असेल, चला, मान्य. दुसरीचे काय? पान चार आम्हाला पैसे दिल्यानंतर मिळाले.

आणि आधी सांगितले होते, हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच कलमाप्रमाणे विक्रेत्यावर आहे, प्रवाशावर नाही. तुमच्या तीन उत्तरांपैकी एकातही असा पुरावा जोडलेला नाही. आमच्याकडे मात्र आहे. नकाशेवालीला प्रत्येक गोष्टीचा स्क्रीनशॉट काढायची खोड आहे, त्यावरून आम्ही तिची तीस वर्षे थट्टा केली. ती वर्षे आता मागे घेतो. शोधापासून ‘अभिनंदन’पर्यंतचे सहा पडदे तिच्या फोनमध्ये आहेत. ‘स्वतंत्र’ हा शब्द त्यातल्या एकावरही नाही. ‘आरामात’ आहे.

‘पैसे भरा’च्या बटणाखाली सर्वसाधारण अटींची लिंक होती आणि त्या तुम्ही मान्य केल्यात, असे तुम्ही म्हणाल. मी ती लिंकही उघडली, एकेचाळीस पाने आहेत. अठ्ठाविसाव्या पानावर हा विषय येतो. ग्राहकाला सांगणे आणि ग्राहक शोधायला गेलाच तर त्याला सापडेल अशा जागी ठेवणे, यातला फरक मला माहीत आहे. त्या फरकावरच माझा पगार निघत होता.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते आणि प्रवाशाला कुणी सांगत नाही. युरोपातल्या काही रेल्वे कंपन्यांनी आपसात ठरवलेले आहे की एकीच्या उशिरामुळे दुसरीची गाडी चुकली तर प्रवाशाला पुढच्या गाडीत बसू द्यायचे, तिकिटे वेगवेगळी असली तरी. त्यासाठी गार्डकडून किंवा स्टेशनावरून उशिराचा दाखला घ्यावा लागतो, आणि दोन्ही कंपन्या त्या ठरावात असाव्या लागतात. ही सवलत आहे, हक्क नाही. पण तुम्ही आमच्यासाठी गाड्या निवडताना हे पाहिले होते का? एकाच ठरावातल्या कंपन्या जोडल्या असत्या तर त्या रात्री एक शिक्का पुरला असता. तुम्ही स्वस्तातला स्वस्त तुकडा उचलून दुसऱ्या स्वस्त तुकड्याला चिकटवलात आणि वर ‘आरामात’ लिहिलेत.

युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्झुला फॉन देअर लायेन यांनी जुलै २०२४मध्ये आश्वासन दिले होते की एकाच ठिकाणी एकच तिकीट घेता येईल आणि संपूर्ण प्रवासासाठी प्रवाशाचे हक्क राहतील. त्या दिवसाची वाट बघायला माझी ना नाही. पण आजच्या कायद्यात जे आहे, तेवढे तरी आज द्या.

आमच्या मागण्या:

एक. ५३५.५० युरो परत आणि त्यावर ७५ टक्के, म्हणजे ४०१.६३ युरो. एकूण ९३७.१३. व्हाउचर नको. द्यायचे नसतील तर खरेदीआधी आम्हाला स्वतंत्र करारांची माहिती दिल्याचा पुरावा पाठवा. दोन्हीपैकी एक.

दोन. तुमच्या पानावर, एकूण रकमेच्या शेजारी, रकमेइतक्याच मोठ्या अक्षरात लिहा: ही तीन वेगळी तिकिटे आहेत, एक गाडी चुकली तर पुढची वाया जाईल. ज्यांना धोका पत्करून स्वस्तात जायचे आहे ते जातील. तरुणपणी मीही गेले असते. पण जाणून गेले असते.

तीन. ज्या जोडणीची जबाबदारी तुम्ही घेत नाही, तिच्यावर ‘आरामात’ लिहू नका. ५५ मिनिटे नुसती लिहा. आराम आहे की नाही ते आम्ही ठरवू.

चार. जोवर तुमचा एखादा प्रवासी गाडीत बसलेला आहे तोवर फोनवर माणूस ठेवा. चोवीस तास जमत नसेल तर निदान ‘बदल करा’चे बटण पाच जणांनाही दाबू द्या. चार जणांना चालते आणि पाचव्याला चालत नाही, यामागचे कारण मला अजून कळलेले नाही.

पाच. प्रत्येक प्रवाशाचे तिकीट त्याच्या स्वतःच्या फोनवर पाठवा. हे तर फुकटात होण्यासारखे आहे.

गुडघेवालीची सहावी मागणी होती, ती मी गाळली आहे. तिला तुमच्या संचालकांना सुटकेसवर बसवायचे होते.

आमची रीतसर तक्रार तीन महिन्यांच्या मुदतीत पोचलेली आहे, पोचही मिळाली आहे. अशा तक्रारीला एका महिन्यात उत्तर द्यायचे असते, सबळ कारण असेल तर तीन महिन्यांत. तुमचा महिना या महिन्याच्या अखेरीस संपतो. त्यानंतर कागद तुम्ही ज्या देशात नोंदलेले आहात तिथल्या प्रवासी-हक्क अंमलबजावणी संस्थेकडे जातील, सहा स्क्रीनशॉटसकट. ते काम माझ्याकडे आहे, आणि मला आता वेळही भरपूर आहे.

उत्तर पाठवाल ते पाच जणींना एकाच पत्राने पाठवलेत तरी चालेल. फक्त पैसे पाठवताना तीन वेगवेगळ्या ठिकाणी विचारा, असे सांगू नका.

कळावे,
म्युनिक–नेपल्स बुकिंगमधल्या पाच प्रवाशांच्या वतीने
कागदपत्रेवाली